तपकिरी, लालसर झाक

वजन सात पूर्णांक चार कॅरेट. आकार पिंपासारखा, एक टोक तुटलेलं. साल खरबरीत, मातकट, एका बाजूला नखाएवढी सोललेली. ओला केल्यावर रंग गर्द लाल. आत धुकं, वरच्या एकतृतीयांश भागात. चीर एक, सालीपासून निघून मध्यावर थांबलेली. आणखी काही: नाही.

*

तराजूच्या खोलीत शिंकायला बंदी होती. शिंक आलीच तर उठून जिन्यात जायचं. एक कारकून पंधरा वर्षं जिन्यात जाऊन शिंकला. निवृत्त झाल्यावर त्याला घरीही शिंक आली की जिना आठवायचा.

*

एक बाई दाराच्या चौकटीला उजव्या खांद्यानं धडकते आणि सवयीनं चौकटीची माफी मागते.

*

लाल रंगाला त्या इमारतीत सतरा शब्द होते. तपकिरीला चार.

*

"झोपली आहे ना? मग उठवू नका. उद्या सांगू." हे टेलिफोनवर म्हटलेलं एक वाक्य. अकरा वर्षांपूर्वीचं.

*

चिठ्ठीत 'सुंदर' चालत नसे. 'बहुतेक' चालत नसे. 'होईल' तर मुळीच नाही.

*

थोरली कच्च्या दगडांची वर्णनं लिहायची. खाणीतून आलेला, पैलू न पाडलेला, घासून न काढलेला दगड, रस्त्यात दिसला तर कुणी चपलेनंही उडवणार नाही असा, तिच्या टेबलावर कापडाच्या तुकड्यावर येई. ती तो तोलायची, भिंगातून पाहायची, पाण्याच्या वाटीत बुडवून ओला करायची, खिडकीच्या उजेडात फिरवायची आणि दिसेल ते चिठ्ठीवर उतरवायची. दिसेल तेवढंच. त्या चिठ्ठीवरून दगडाचं नाव काय ते ठरवणं दुसऱ्या मजल्याचं काम, भाव ठरवणं तिसऱ्याचं. आणि कापून आत काय दडलंय ते बघणं तर दूरच्या एका गावातल्या कारागिरांचं. चिठ्ठ्या जुळवणारे काका म्हणत, "चिटणीस असतात, फडणीस असतात, तसे तुम्ही वर्णनीस. राज्य कुणाचंही येवो, तुम्ही आपलं लिहीत बसायचं."

पण एका माणसाच्या डोळ्यांवर तिथे कुणी विसंबत नसे. प्रत्येक दगड दोघांनी पाहायचा, वेगवेगळा, एकमेकांशी एक अक्षर न बोलता. दोन टेबलं, मध्ये लाकडी आडोसा. आडोसा छतापर्यंत न नेलेला, म्हणजे उंच खिडकीतला उजेड दोन्हीकडे सारखा पडावा. चार वाजता काका चिठ्ठ्यांच्या दोन्ही पेट्या उघडत आणि चिठ्ठीला चिठ्ठी लावून बघत. जुळल्या तर टाचणी, आणि दगड वर. नाही जुळल्या तर दगड वरच्या बाईंपुढे जाई. त्या निवाडा करत, आणि ज्याचं चुकलं त्याच्या नावापुढे खूण पडे. एका महिन्यात तीन खुणा झाल्या की खुर्ची गेली. मग तळमजल्यावर बसून पुड्या बांधायच्या.

आडोशाच्या पलीकडे धाकटी बसे. थोरलीची सख्खी बहीण. दगड आधी तिच्याकडे जाई, मग थोरलीकडे येई. एकोणीस वर्षं हेच.

त्यातली शेवटची अकरा वर्षं दोघींचा अबोला होता.

वरच्या बाईंना याचं फार कौतुक. नव्या माणसांना आडोसा दाखवताना त्या हमखास म्हणत, "बाकीच्या टेबलांवर मला पहारा ठेवावा लागतो. इथे घरूनच बंदोबस्त होऊन आलाय." थोरली मान खाली घालून हसल्यासारखं करी. पलीकडून हसण्याचा आवाज येत नसे.

अबोल्याचं कारण विचाराल तर साधं होतं, आणि साधं होतं म्हणूनच सुटत नव्हतं. आई गेली तेव्हा धाकटीला सातवा महिना होता. डॉक्टरांनी पलंगावरून उठायलाही मना केलेलं. थोरलीनं धाकटीच्या नवऱ्याला फोन केला आणि विचारलं, ती झोपली आहे का. झोपली होती. मग उठवू नका, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. धाकटीला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं, आईची चादरसुद्धा धुऊन वाळत घातली होती. पुढे मुलगी सुखरूप झाली आणि थोरली मनात म्हणाली, बघा, मी केलं ते बरोबरच होतं. धाकटी मनात काय म्हणाली ते कळायला मार्ग नव्हता. ती बोलायचीच थांबली होती.

*

तरी थोरलीला बहीण अगदीच पारखी झाली होती असं नाही.

टाचलेल्या चिठ्ठ्यांच्या कार्बन प्रती शनिवारी फायलीत लावायचं काम तिच्याकडे होतं. तेवढा एक तास धाकटीचं अक्षर तिच्या हातात असे. सर्दी झाली की धाकटीचं अक्षर उजवीकडे कलतं. घरी भांडून आली की 'खरबरीत' मधला र कागद फाडेल असा दाबते. मुलगी पहिल्यांदा शाळेत गेली त्या दिवशी तिनं एका दगडाचं वजन दोनदा लिहिलं होतं, एकाखाली एक, दोन्ही बरोबर. थोरली चिठ्ठ्या लावता लावता वाचे. आपल्या चिठ्ठीवर तिची चिठ्ठी, शब्दाला शब्द. 'आत धुकं' हा शब्दप्रयोग धाकटीनं काढलेला. आधी सगळे 'गढूळ' लिहीत. थोरलीनं तो दुसऱ्याच आठवड्यात उचलला आणि मग सगळ्या मजल्यानं.

एवढंच उरलं होतं तिला बहिणीचं. आडोशापलीकडची भरलेली खुर्ची, वाटीत दगड बुडाल्याचा बारीकसा आवाज आणि शनिवारचा तास. ते जाऊ नये, बाकी काही नको, असं तिचं झालं होतं. चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटीच राहणाऱ्या बाईनं आणखी मागायचं तरी काय!

*

पहिली न जुळलेली चिठ्ठी उन्हाळा संपता संपता आली.

थोरली: ओला केल्यावर रंग गर्द लाल.

धाकटी: ओला केल्यावर रंग तपकिरी, लालसर झाक.

"काय हो," काका दोघींना ऐकू जाईल अशा बेतानं आडोशाच्या टोकाशी उभे राहून म्हणाले, "आज एकीनं चहा घेतलेला दिसत नाही." दगड वर गेला, खाली आला. खूण धाकटीच्या नावापुढे.

सहाव्या दिवशी दुसरी. पुन्हा लाल. पुन्हा तपकिरी.

थोरलीनं आपली चूक असेल म्हणून दगड पुन्हा डोळ्यांपुढे आणला. आठवणीत पाहिला, कारण दगड तर वर गेला होता. नाही, लालच होता. गर्द. इतका की वाटीतलं पाणी क्षणभर रंगल्यासारखं वाटलं होतं. अशा दगडाला तपकिरी म्हणणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ दिसत नाही म्हणण्यासारखं.

महिना संपायला अकरा दिवस होते. आणखी एक लाल दगड आणि धाकटी खाली पुड्या बांधायला.

सांगावं का? कसं सांगायचं? अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य 'तुला दिसत नाहीये' असं असावं का? काकांना सांगावं, तर काकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, तासाभरात वर पोचेल. धाकटीच्या नवऱ्याला फोन करावा, तर मागचा फोन सगळ्यांना आठवत होता. तिनं एक कागद घेतला. 'डोळे एकदा दाखवून घे' असं लिहिलं. फाडलं. 'एकदा डोळे दाखव' असं लिहिलं. तेही फाडलं. तिसऱ्या कागदावर नुसतं 'ऐक' लिहिलं आणि त्यापुढे काही सुचेना. दगडाचं वर्णन बारा ओळींत करणारी बाई, बहिणीला एक ओळ लिहिता आली नाही.

मग तिसरा लाल दगड आला.

*

जे ऐकू आलं ते असं.

वाटीत दगड पडला. वाटीतून निघाला. कापडावर टेकला. पेनाचं टोपण निघालं. वजन लिहिलं, छोटंसं. आकार. साल, जरा लांब. मग थांबली. पुन्हा दगड वाटीत पडला. (असं ती कधी करत नसे. एकदाच ओला करायची.) मग पेन.

'गर्द लाल' लिहायला पेन जेमतेम टेकतं न टेकतं. या वेळी पेन चालत राहिलं. स्वल्पविरामाशी अडखळलं आणि पुढे गेलं.

दगड थोरलीच्या कापडावर आला तेव्हा अजून ओलाच होता. तिनं तो उजेडात धरला. मग एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, समोर दिसत होतं त्याकडे नीट पाहून, दुसरंच लिहिलं.

तपकिरी, लालसर झाक.

चार वाजता काकांनी टाचणी मारली. "जुळलं बुवा एकदाचं!"

पलीकडे धाकटीनं श्वास सोडला. तो थोरलीला स्पष्ट ऐकू आला, आणि त्या सुटलेल्या श्वासावर ती चांगले चार दिवस जगली.

*

वरच्या ओळीत तिनं पाहिलेलं. खालच्या ओळीत लिहिलेलं.

लाल, किंचित जांभळट.
तपकिरी, जांभळट झाक.

लाल, केशरीकडे झुकणारा.
पिवळट तपकिरी.

लाल, कडेला फिका, मध्ये गर्द.
तपकिरी, सर्वत्र सारखा.

लाल.
राखी.

लाल.
राखी.

*

सवय लागली की हात स्वतःच शहाणा होतो. दोन महिन्यांत थोरलीला पेनाचा आवाजही ऐकावा लागेना. दगड हाती आला की धाकटीला तो कसा दिसेल ते आधी दिसे, आपल्याला कसा दिसतो ते नंतर. सतरा शब्दांतले एकेक शब्द बिनकामाचे होत गेले. एखाद्या शनिवारी फाईल लावताना तिच्या लक्षात येई की डाळिंबी हा शब्द या मजल्यावर गेले सात आठवडे कुणी लिहिलेलाच नाही.

मधल्या काळात धाकटी दाराच्या चौकटीला धडकायला लागली. नेहमी बाजूनं. समोरून येणारं माणूस तिला दिसे, शेजारून जाणारं दिसत नसे. एकदा तिनं कप टेबलाच्या कडेच्या बाहेर ठेवला, आणि तो पडल्यावर कपाकडे न बघता टेबलाकडे बघत राहिली. काका ओरडले, "अहो, टेबल कापून लहान केलं की काय कुणी?" सगळे हसले. धाकटीही हसली. थोरली उठून जिन्यात गेली, शिंक आल्यासारखी, आणि तिथे कठड्याला धरून उभी राहिली. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. ही डोळे उघडे ठेवून पीत होती.

दर महिन्याच्या शेवटी ती खुणांचा तक्ता बघे. धाकटीच्या नावापुढे कोरं. आपल्या नावापुढे कोरं. बाकीच्या टेबलांवर एखाददुसरी खूण असेच. वरच्या बाईंनी एकदा तक्त्यापुढे उभं राहून सगळ्या मजल्याला ऐकवलं, "शिका जरा यांच्याकडून."

*

कारागिरांच्या गावाहून पत्र आलं ते दहाव्या महिन्यात.

'तुमच्याकडून तपकिरी आणि राखी म्हणून आलेले एकतीस दगड कापले. एकोणतीस लाल निघाले. त्यातले काही इतके लाल की आमच्या म्हाताऱ्या कारागिरानं चाक थांबवून सगळ्यांना बोलावून दाखवले. चिठ्ठीवर विसंबून आम्ही ते हलक्या मालासारखे जाडेभरडे कापले, लहान केले, वाया घालवले. आपल्याकडच्या खिडक्या पुसून घ्याव्यात ही विनंती.'

वरच्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग फाईल मागवली. एकतीसच्या एकतीस चिठ्ठ्या त्याच टेबलाच्या. दोन्ही अक्षरांत तोच शब्द.

त्याच दुपारी दोघींना डोळे तपासणाऱ्याकडे पाठवलं. एका रिक्षातून, एकमेकींकडे न बघता. धाकटी आधी आत गेली. ठिपक्यांचे रंगीत तक्ते, मग बाजूनं फिरवलेलं बोट. तपासणारा बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड बदललेलं होतं. तिला तिथूनच परस्पर दवाखान्यात नेलं, नवऱ्याला फोन करून.

थोरलीचे डोळे पाहून तो म्हणाला, "तुमचं काय? तुम्हाला तर वयाचासुद्धा चष्मा कमीच आहे."

*

"मग हे एकतीस दगड?" वरच्या बाईंनी विचारलं.

थोरलीनं सांगितलं. सुरुवातीपासून, दगडाचं वर्णन करावं तसं, पुढचं मागे न करता.

बाईंनी पेपरवेट उचलून पत्रावर ठेवलं. "एकाची चूक पकडायला आपण दुसरा माणूस ठेवतो," त्या म्हणाल्या. "दोघांनी ठरवून एकच चूक केली तर ती पकडायला माझ्याकडे तिसरा माणूस नाही."

"ठरवून नाही केली. ती माझ्याशी बोलत नाही."

"ते मला माहीत आहे हो," बाई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, हे थोरलीला जास्त लागलं. "मीच सगळ्यांना सांगत फिरत होते."

दुसऱ्या दिवसापासून थोरली तळमजल्यावर. काका जिन्यात भेटले, पण थांबले नाहीत. दोन पायऱ्या उतरून वळले. "दहा महिने," ते म्हणाले. "दहा महिने मी तुमच्या खोट्यावर टाचण्या मारत होतो. आणि वर 'जुळलं जुळलं' म्हणून नाचत होतो. माकड केलंत माझं!" मग ते खाली गेले आणि कुठे जायचं होतं ते विसरल्यासारखे पुन्हा वर आले.

*

पाचव्या दिवशी धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला. "ताई, तिनं तुम्हाला बोलावलंय."

दवाखान्याच्या बोळात त्यानं तिला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. चिठ्ठ्यांबद्दल त्याला काही ठाऊक नव्हतं. डोळ्यांच्या मागे, दोन्ही नसा जिथे एकमेकींना भेटतात, तिथे गाठ. नसांवर बसलेली. आधी बाजूचं दिसायचं कमी होतं आणि रंग उडतात, त्यातही लाल सगळ्यांत आधी. या पाच दिवसांत फार झपाट्यानं उतरलं, आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. शस्त्रक्रिया करणार आहेत, पण गाठ आत पसरली आहे आणि डॉक्टर डोळ्यांचं बोलतच नाहीत, फक्त जिवाचं बोलतात. "सहा-सात महिने आधी आली असती तर, असं म्हणाले." त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. "मी रोज विचारायचो तिला, काही होतंय का? म्हणायची, कामावर सगळं ठीक आहे, म्हणजे मीही ठीक आहे."

थोरली उठली आणि आत गेली.

दुपारचं ऊन पलंगाच्या पायथ्यापर्यंत आलं होतं. धाकटी उशीला टेकून बसली होती. डोळे उघडे, पण कुठेच न लावलेले.

"आलीस?" ती म्हणाली. "चपला अजून तशाच ओढतेस. आई ओरडून दमली."

अकरा वर्षांनी तिच्याशी बोललेला आवाज. जरा जाड झाला होता. थोरलीच्या तोंडून नुसतं "हं" निघालं.

"बस. खुर्ची असेल कुठेतरी. मला विचारू नकोस कुठे."

थोरली बसली.

"हे बघ, भांडण मिटवायला बोलावलेलं नाही. ते आहे तिथे आहे."

"बरं."

"रडतेयस?"

"नाही."

"रडू नकोस. मला काम आहे तुझ्याशी." धाकटी सरसावून बसली, दोन्ही हात चादरीवर ठेवून, पूर्वी दगडांची नवीन पेटी उघडायच्या आधी बसायची तशी. "डोळे तपासलेस?"

"कुणी, मी?"

"मग कुणी! त्या दिवशी माझ्यानंतर तुला आत घेतलं की नाही? मला तर तिथूनच उचललं. इथे पडल्या पडल्या माझ्या डोक्यात तेच चाललंय. ताई, दहा महिने आपल्या चिठ्ठ्या जुळत होत्या. एकूण एक. म्हणजे मला तपकिरी दिसत होते तसे तुलाही दिसत होते. एका आईच्या पोटच्या आपण. मला झालंय ते तुलाही झालंय. सुरुवात असेल तुझी, तुझं नेहमी उशिराच असतं सगळं." ती किंचित हसली. "डॉक्टर म्हणतात लवकर कळलं तर निघून जातं. डोळेही वाचतात. यांना सांगितलं मी, आधी ताईला बोलवा, मग काय कापायचंय ते कापा. उद्याच्या उद्या दाखवून घे. ऐकतेयस ना?"

थोरली ऐकत होती. 'हो, उद्या दाखवते', तीन शब्दांचं काम होतं. धाकटी निश्चिंत होऊन पडली असती. परवा शस्त्रक्रिया होती. आजारी माणसाला शांत झोप लागावी म्हणून कुणीही म्हटलं असतं. थोरलीनं तर आयुष्यभर म्हटलं होतं. शब्द जिभेवर येऊन बसलेही होते.

"मला लाल दिसत होते," ती म्हणाली.

"काय?"

"दगड. मला लालच दिसत होते. तुझ्या दोन खुणा झाल्या होत्या. तिसरी पडली असती तर तुझी खुर्ची गेली असती. म्हणून तुला दिसेल तसं मी लिहीत गेले."

धाकटीचे हात चादरीवर होते तसेच राहिले.

"दर वेळी?"

"दर वेळी."

बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. ते बोळाच्या टोकापर्यंत गेलं. मग धाकटी बोलली, अगदी हळू.

"मी वेळ घेतली होती. डोळ्यांच्या डॉक्टरची. त्या दोन खुणा झाल्या ना, त्याच आठवड्यात. मला कळलं होतं काहीतरी बिनसलंय. भाजी घ्यायला गेले तर टोमॅटो पिकलाय की नाही ते बोटानं दाबून बघावं लागत होतं. मग तिसरी चिठ्ठी जुळली. चौथी जुळली. मला वाटलं, ताईला तसंच दिसतंय. म्हणजे दगडच तसले आहेत. ताईचं कधी चुकत नाही." ती थांबली. "मी फोन करून वेळ रद्द केली."

थोरलीनं हात पुढे केला. धाकटीला तो दिसणं शक्य नव्हतं, पण हवा हललेली कळली असावी. तिनं आपले हात चादरीखाली घेतले.

"तेव्हाही तू मला झोपू दिलंस," ती म्हणाली.

"अगं, मला वाटलं..."

"नको सांगूस तुला काय वाटलं."

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. भिंत काय आणि खोली काय, तिला आता सारखीच होती, पण तिनं तोंड फिरवलं. थोरली ऊन पलंगावरून उतरून फरशीवर जाईपर्यंत बसून राहिली. धाकटीचा नवरा आत डोकावला, दोघींकडे पाहून त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, दार हलकेच लोटून घेऊन गेला.

*

शस्त्रक्रिया झाली. जीव राहिला तो सव्वा महिना. थोरली रोज पुड्या बांधून झाल्या की दवाखान्यात जाई, चपला दाराबाहेर काढून अनवाणी आत येई आणि खुर्चीवर बसे. तरीही धाकटीला कळे. ती आल्यावर धाकटीचं बोलणं थांबे. नवऱ्याशी, नर्सशी, मुलीशी, जे काही चाललं असेल ते. थोरली तासभर बसे. तिला धाकटीच्या श्वासाचा आवाज ऐकू येई. मधल्या टेबलावर पाण्याचं भांडं असे, आणि नर्स त्यात चमचा टाके तेव्हा थोरली नकळत पेनाची वाट बघे.

एकदा, शेवटच्या आठवड्यात, नर्स खोलीतच आहे असं समजून धाकटी म्हणाली, "खिडकी कोणत्या बाजूला आहे हो? उजेड कुठून येतोय?" नर्स बाहेर गेली होती, खोलीत थोरली एकटीच होती. "डावीकडे," थोरली म्हणाली. "उंचावर आहे. उजेड पिवळा आहे. काचेला खालच्या कोपऱ्यात एक चीर आहे, मध्यापर्यंत गेलेली नाही."

धाकटीनं मान डावीकडे वळवली.

ती गेली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. तिच्या नवऱ्यानं त्याच मिनिटाला थोरलीला फोन केला. तळमजल्यावरचा फोन काकांनी उचलला आणि तिच्याकडे नुसता पुढे केला.

*

तळमजल्यावर टेबलं नाहीत, लांबलचक फळी आहे. पांढरा कागद, आत निळा पातळ कागद, तीन घड्या उभ्या, दोन आडव्या, मग टोक आत खोचायचं. एक दगड, एक पुडी, वर टाचलेल्या दोन चिठ्ठ्या. चिठ्ठ्या वाचायचं काम खालच्यांचं नाही. थोरली वाचते. वर आता दोन नवीन माणसं बसतात. फार बोलतात म्हणून बाई रोज ओरडतात, असं काका सांगतात. काका आता तिच्याशी बोलतात. चहा घेऊन येतात आणि फळीच्या टोकाशी बसून सगळ्या इमारतीच्या चहाड्या करतात.

त्या दोघांच्या चिठ्ठ्या महिन्यातून तीन-चारदा तरी जुळत नाहीत. एक लिहितो लाल, दुसरी लिहिते डाळिंबी. काका म्हणतात, डोक्याला ताप झालाय. थोरली दगड कागदावर ठेवते, चिठ्ठीकडे पाहते, दगडाकडे पाहते आणि घडी घालते.

*

अबोल्याच्या पहिल्याच वर्षी, मुलगी दीड महिन्याची असताना धाकटी तिला घेऊन तीन मजले चढून थोरलीच्या दारी आली होती आणि कुलूप पाहून परत गेली. थोरली त्या दुपारी दाढ काढायला गेली होती.